बंद पडलेल्या चर्चमध्ये घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडात घर शोधायला लागलं की कधी ना कधी 'चर्च कन्व्हर्जन' अशी जाहिरात समोर येतेच. टोकदार कमानीची खिडकी, तिच्याखाली सोफा, वर लाकडी कैच्या. हे फोटो पाहून हुरळलेले आणि तेच फोटो पाहून दचकलेले, अशा दोन्ही प्रकारच्या मराठी मंडळींचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींना तयार घर घ्यायचंय, काही जण चार-पाच कुटुंबांनी मिळून अख्खी इमारत घ्यावी या विचारात आहेत. कायद्याची माहिती इंग्लंडपुरती आहे. सही करण्याआधी वकील हवाच, आणि तोही अशा इमारतींचे व्यवहार केलेला.

इतकी चर्च रिकामी का पडली? लोकांची श्रद्धा संपली म्हणून?

श्रद्धा कमी झाली हे खरं, पण निम्मं कारण बांधकामाच्या हिशेबात आहे. एकोणिसाव्या शतकात या देशात गरजेपेक्षा फार जास्त चर्च बांधली गेली. कारखान्यांची शहरं फुगत होती म्हणून १८१८ मध्ये पार्लमेंटने नवीन चर्च उभारायला दहा लाख पौंड मंजूर केले. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथात फूट पडत गेली आणि प्रत्येक गटाने गावात आपलं वेगळं चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनास्थळ, बांधलं. १९३२ मध्ये वेस्लियन, प्रिमिटिव्ह आणि युनायटेड मेथडिस्ट हे तीन गट एकत्र आले. भाऊबंदकीत तीन चुली झाल्या, पुढे घर पुन्हा एक झालं, पण तिन्ही स्वयंपाकघरं उरली, तशी गत. स्कॉटलंडमध्ये १८४३ साली राष्ट्रीय चर्चमधून सुमारे एक तृतीयांश धर्मगुरू बाहेर पडले आणि त्यांनी देशभर स्वतःची चर्च बांधली. १९०० आणि १९२९ च्या विलीनीकरणांनंतर एकाच वस्तीत दोन-तीन मनोरे आणि मंडळी मात्र एकापुरतीच, असं झालं.

चर्च ऑफ इंग्लंड या देशाच्या अधिकृत चर्चकडे आजही सुमारे १६,००० इमारती आहेत, त्यांतल्या १२,००० हून अधिक वारसा यादीत. १९६९ पासून सुमारे २,००० बंद झाल्या. विक्रीला येणारं प्रत्येक चर्च मध्ययुगीन असतं हा गैरसमज आहे. बरीचशी व्हिक्टोरियन असतात, आणि खरं सांगायचं तर त्यांतली काही अगदी सुमार असतात. घर करायला तीच बरी.

चर्च विकायला कोण काढतं? तिथले फादर?

नाही. चर्च ऑफ इंग्लंडचं असेल तर 'मिशन अँड पास्टोरल मेझर २०११' या कायद्याने ठरलेला रस्ता आहे. स्थानिक मंडळी आणि बिशप प्रस्ताव पाठवतात, चर्च कमिशनर्स हे त्यांचं मध्यवर्ती मंडळ लोकांच्या हरकती मागवतं आणि मग इमारत नित्य उपासनेसाठी बंद झाल्याचं जाहीर होतं. त्यानंतर योग्य नवा वापर शोधायला दोन वर्षांपर्यंत मुदत असते. शेवटी तीन वाटा उरतात: नवा वापर, जतन किंवा पाडकाम. जतनासाठी चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट आहे, त्यांच्याकडे साडेतीनशेहून अधिक चर्च आहेत. पण तिथे निवडक, अव्वल इमारतींनाच जागा मिळते.

मेथडिस्ट किंवा बॅप्टिस्ट चॅपेल असेल तर मालकी विश्वस्तांकडे असते. धर्मादाय कायद्यानुसार त्यांना पात्र सल्लागाराचा, बहुधा सर्व्हेअरचा, लेखी अहवाल घेऊन मिळेल तितकी चांगली किंमत पाहावी लागते. त्यामुळे 'आम्ही सज्जन कुटुंब आहोत, थोडं कमी करा' याचा उपयोग होत नाही. कमी करायची त्यांची इच्छा असली तरी हात बांधलेले असतात.

पवित्र वास्तूत संसार थाटणं योग्य का? काही विधी करून ती 'उतरवतात' का?

चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पवित्रीकरणाचे कायदेशीर परिणाम संपतात ते कागदावर, नव्या वापराची योजना लागू होते त्या क्षणी. निरोपाची शेवटची उपासना बहुतेक ठिकाणी होते, पण ती कायद्याची गरज म्हणून नव्हे. वेदी, बाप्तिस्माकुंड, प्रभुभोजनाची भांडी यांचं काय करायचं ते बिशप ठरवतात. ती घरासोबत मिळतील असं धरून चालू नका. कॅथलिक चर्चमध्ये धर्मसंहितेच्या १२२२ व्या कलमाखाली बिशप इमारत लौकिक वापरासाठी मोकळी करतात. अट एकच, तो वापर हीन नसावा. कुटुंबाचं राहतं घर त्यात आरामात बसतं. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट परंपरेत वास्तूला त्या अर्थाने पावित्र्य चिकटलेलंच नसतं, मंडळी जमते तेच चर्च.

स्थानिक म्हाताऱ्या माणसांचं मन मात्र कागदावर संपत नाही. त्यांचं लग्न तिथे लागलेलं असतं, आईबापांना त्यांनी तिथूनच पोचवलेलं असतं. बांधकाम सुरू करण्याआधी एक दिवस दार उघडं ठेवून गावाला आत बोलवा, चहा पाजा. कोणताही नियम हे सांगत नाही, पण पुढच्या तक्रारी निम्म्याने कमी होतात.

आवारात कबरी आहेत. त्या हलवतात का? त्यावर बांधता येतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात कमी अभ्यासलेला प्रश्न. १८८४ च्या डिसयूज्ड बरियल ग्राउंड्स कायद्याने वापरात नसलेल्या दफनभूमीवर बांधकाम करायला मनाई केली. अपवाद फक्त उपासनास्थळ वाढवण्याचा. पुढे १९८१ च्या दुरुस्तीने इतर पंथांच्या आवारांसाठी वाट मोकळी केली, आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या बंद चर्चसाठी त्यांच्या स्वतःच्या कायद्यात तशीच तरतूद आहे. मेख पन्नास वर्षांची आहे. गेल्या ५० वर्षांत तिथे कुणाचं दफन झालं असेल आणि नातेवाइकांनी हरकत घेतली, तर बांधकाम अडतं. त्यासाठी वर्तमानपत्रात आणि जागेवर जाहीर नोटीस द्यावी लागते.

अवशेष हलवायचे तर जागेच्या दर्जाप्रमाणे न्याय मंत्रालयाचा परवाना किंवा चर्चच्या न्यायालयाची परवानगी लागते. ते काम तज्ज्ञ माणसं आडोसा घालून, आदराने करतात, आणि बिल जमीन विकसित करणाऱ्याच्या नावावर येतं. पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाची कबर असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनशी बोलल्याशिवाय दगडाला हात लावायचा नाही.

अनेकांच्या ध्यानात न येणारी बाब म्हणजे कबरी बाहेरच असतात असं नाही. जुन्या चर्चच्या फरशीखाली तळघरं आणि दफनं असतात. अंडरफ्लोर हीटिंगसाठी फरशी खणायची ठरवलीत की पहिल्या दिवसापासून पुरातत्त्वज्ञ शेजारी उभा हवा. त्यामुळे शक्य तिथे जुन्या फरशीला हात न लावता तिच्यावर नवी तरंगती जमीन घालतात.

आवार बऱ्याचदा विक्रीतून वगळलेलं असतं, किंवा तुमच्या नावावर आलं तरी नातेवाइकांना कबरीपर्यंत यायचा हक्क राहतो. रविवारी सकाळी तुम्ही नाश्ता करत असताना कुणीतरी फुलं घेऊन खिडकीसमोरून जाणार. हे ज्यांना चालणार नाही त्यांनी पुढचं वाचू नये.

स्कॉटलंडमध्ये हा गुंता पुष्कळ कमी. तिथल्या जुन्या परगण्यांच्या दफनभूमी १९२५ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनाकडे गेल्या, आणि शहरांतल्या व्हिक्टोरियन चर्चना बहुधा आवारच नसतं.

सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांना कसं सांगायचं?

तिकीट काढण्याआधी सांगा. विमानतळावरून घरी येताना नको.

'लिस्टेड' इमारत असेल तर नेमकं काय करता येत नाही?

इंग्लंडात वारसा यादीच्या तीन श्रेणी: एक, दोन-तारांकित आणि दोन. यादीतल्या जवळपास ९२ टक्के इमारती शेवटच्या श्रेणीत आहेत. पहिल्या श्रेणीत फक्त अडीच टक्के, पण त्यांत उपासनास्थळांचं प्रमाण ४५ टक्के. श्रेणी एकचं चर्च घरासाठी मिळणं दुर्मीळ आहे आणि मिळालं तरी बहुतेकांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, असं आमचं मत.

चर्च वापरात असताना पाच मोठ्या पंथांना लिस्टेड परवानगीतून सूट असते, कारण त्यांची स्वतःची परवानगीची व्यवस्था आहे. बंद झालं की सूट संपते. आधीच्या मंडळींनी बाकं काढली तेव्हा महापालिकेने विचारलं नाही, म्हणून आपणही उरलेली काढू, असं करायला जाल तर थेट फौजदारी गुन्हा. १९९० च्या कायद्याने विनापरवानगी बदलांसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड सांगितला आहे. शिवाय इमारत पूर्ववत करायच्या नोटिशीला काळाची मर्यादा नाही आणि ती आजच्या मालकावर निघते, मग तो बदल तुमच्या आधीच्या माणसाने केलेला का असेना. तयार घर घेतानाही प्रत्येक माळा, प्रत्येक रूफलाइट (छपरातली खिडकी) परवानगीच्या नकाशात आहे का हे ताडून पाहा.

दुसरी परवानगी वापर बदलाची. चर्च 'एफ-१' वर्गात मोडतं, घर 'सी-३' मध्ये. दुकान किंवा ऑफिसचं घर करायला जी सोपी पूर्वसंमतीची वाट असते, ती इथे नाही. पूर्ण अर्ज, पूर्ण छाननी.

एका चर्चमध्ये किती घरं बसतात?

इथे बिल्डरचं गणित आणि वास्तूचं गणित एकमेकांच्या विरोधात जातं. समजा मुख्य दालन २५ मीटर लांब, ९ मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना ४-४ मीटरच्या पडव्या. जमिनीवर सव्वाचारशे चौरस मीटर झाले. आढ्यापर्यंत उंची १४ मीटर असेल तर तीन मजले सहज बसतात, म्हणजे बाराशे चौरस मीटरच्या वर. कागदावर बारा-चौदा फ्लॅट! मोठ्या शहरांत असं झालेलंही आहे. परिणाम काय? एकसंध पोकळीचे तीन थर होतात. खिडकी मधोमध कापली जाते, एका कुटुंबाला तिचे पाय मिळतात आणि वरच्याला डोकं. सगळ्यात वरच्याला देखण्या कैच्या मिळतात, पण त्या डोक्याला लागतात. तळातल्याला अंधार.

चर्चमध्ये खरी किंमत असते ती त्या रिकाम्या उंचीला. ती सगळी भरून टाकलीत तर उरतो फक्त बाहेरचा दगड, आणि तेवढ्यासाठी इतका खर्च नि इतक्या परवानग्या कशाला? महापालिकेचा वारसा पाहणारा कॉन्झर्व्हेशन ऑफिसर हेच वेगळ्या शब्दांत सांगतो: पश्चिमेच्या दारातून पूर्वेची खिडकी दिसत राहिली पाहिजे.

मग मार्ग कोणते? एक, अख्ख्या चर्चमध्ये एकच घर. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तचं सिंट-याकोबुसकेर्क, १८७० च्या सुमाराचं छोटं चर्च, झेक आर्किटेक्टन या वास्तुरचनाकारांनी २००९ मध्ये एका कुटुंबासाठी बदललं. आत एक पांढरी, वळणावळणाची रचना जुन्या भिंतींपासून अलग उभी केली आणि उंची मोकळी ठेवली. दोन, खणांप्रमाणे उभे काप: दोन खांबांमधलं अंतर साधारण चार-पाच मीटर असतं, दोन-दोन खणांचं एक घर धरलं तर रांगेत दोन-तीन घरं होतात, प्रत्येकाला स्वतःचं दार आणि दोन्ही बाजूंचा उजेड. पूर्वेची खिडकी मात्र एकाच घराला मिळते, म्हणून हा मार्ग साध्या, बिनतारांकित चर्चपुरता. तीन, झोपायच्या खोल्या पडव्यांमध्ये, मधलं दालन बैठकीसाठी, आणि पश्चिम टोकाला जुन्या गॅलरीच्या जागी एक माळा. तिसरा आमच्या आवडीचा, पण त्यात दोनाहून जास्त घरं बसवणं अवघड.

नवे मजले कसेही घाला, ते स्वतःच्या पोलादी किंवा लाकडी सांगाड्यावर उभे करा, जुन्या भिंतीत तुळया खुपसू नका. उद्या कुणाला ते काढून टाकावेसे वाटले तर काढता आले पाहिजेत, ही अट परवानगीच्या कागदावर बहुधा असतेच. दुसरं कारण पायाचं. जुन्या चर्चचा पाया आश्चर्य वाटावं इतका उथळ असू शकतो आणि भिंत दीडशे-दोनशे वर्षांत जमिनीशी जुळवून बसलेली असते. तिच्यावर नवा भार टाकायचा नाही.

मुलंबाळं असलेल्या कुटुंबासाठी मग उपाय काय?

चर्चच्या शेजारी पाहा. चर्चची मालमत्ता म्हणजे फक्त चर्च नव्हे. हॉल, रविवारच्या शाळेची खोली, धर्मगुरूंचं निवासस्थान, कधी मोकळी पट्टी हेही त्यात येतं. विसाव्या शतकातला विटांचा आणि पत्र्याचा हॉल कुणाच्याच प्रेमाचा नसतो. तो पाडून तिथे चार-सहा तीन शयनकक्षांची साधी, उबदार घरं बांधता येतात. अंगण, सायकली ठेवायला जागा, कपडे वाळत घालायला दोरी, सगळं मिळतं. चर्चमध्ये यातलं काहीच धड मिळत नाही.

अशा वेळी खुद्द चर्चमध्ये एक-दोन घरं किंवा पाळणाघर, सभागृह, चढाईची भिंत असलं काही. मँचेस्टरच्या सेंट बेनेडिक्ट्समध्ये २००५ पासून गिर्यारोहणाचं सराव केंद्र चालतं. लंडनच्या मेफेअरमधल्या सेंट मार्क्समध्ये खाऊगल्ली आहे. हॉलच्या जागेवरच्या घरांतून आलेल्या पैशांतून चर्चचं छप्पर दुरुस्त होतं. नियोजन खात्यालाही ही मांडणी पटते, कारण पैसा कुठून कुठे जातो हे त्यांना करारात बांधून घेता येतं.

एकच सावधगिरी: विकणाऱ्या चर्चच्या करारात बहुधा 'ओव्हरेज'चं कलम असतं. पुढे जास्त घरांची परवानगी मिळाली तर वाढलेल्या किमतीतला हिस्सा त्यांना द्यायचा.

खिडक्यांतून बाहेर दिसतं का?

बहुधा नाही. खिडकीचा खालचा कठडा माणसाच्या डोक्याच्या वर असतो आणि रंगीत काच काढायला परवानगी मिळत नाही. उजेड सुंदर, दृश्य शून्य. म्हणून काही वास्तुरचनाकार बैठक वरच्या माळ्यावर आणि झोपायच्या खोल्या खाली ठेवतात. रूफलाइट रस्त्यावरून न दिसणाऱ्या उतारावर मागा. दोन छपरांच्या उतारांमधली दरी ही त्यासाठी नेहमीची जागा.

माळ्याला काचेचा किंवा गजांचा कठडा हवा, घराच्या आत किमान ९०० मिलिमीटर उंच, आणि १०० मिलिमीटरचा चेंडू आरपार जाणार नाही इतक्या फटीचा. जुन्या गॅलरीचे नक्षीदार कठडे यात नापास होतात. त्यांच्या आतून दुसरा कठडा लावतात.

थंडीत गरम राहतं का? ओल येते का?

थंडी ही खरी अडचण. ऊब वर जाते आणि वर कुणी राहत नाही. छपराच्या बाजूने उष्णतारोधन, जमिनीतून उष्णता आणि खोल्या उंचीने बंदिस्त ठेवणं, या तिन्हींचा मेळ लागतो. ऊर्जेच्या नियमांत वारसा इमारतींना थोडी सैल वागणूक आहे, पण तुमच्या गॅसच्या बिलाला ती नाही.

ओलीचं कारण शंभरातल्या नव्वद वेळा पन्हळ आणि सिमेंट असतं. चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडते. कुणीतरी साठ-सत्तरच्या दशकात सिमेंटने दर्जा (दगडांमधले सांधे) भरलेल्या असतात, मग पाणी आत अडकतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. पहिलं काम पन्हळ साफ करणं, दुसरं सिमेंट काढून चुन्याने दर्जा भरणं. रासायनिक इंजेक्शन विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि इमारत पूर्ण वाळल्याशिवाय आतून गिलावा करू नका.

सांडपाण्याची लाइन असतेच ना?

धरून चालू नका. उपासनेला न्हाणीघर लागत नाही. अनेक खेड्यांतल्या चर्चमध्ये फक्त पावसाच्या पाण्याचा निचरा असतो, आणि मुख्य लाइनपर्यंतचा चर नेमका कबरींमधून जातो.

वटवाघळं आहेत म्हणे. त्यांना हाकलता येत नाही?

नाही, अजिबात नाही. ब्रिटनमधल्या सगळ्या वटवाघळांना आणि त्यांच्या वसतिस्थानांना कायद्याचं संरक्षण आहे, वसतिस्थान त्या वेळी रिकामं असलं तरीही. तपासणी मे ते सप्टेंबर या काळातच होते, संध्याकाळी ती बाहेर पडताना मोजून. ऑक्टोबरात चर्च विकत घेतलंत तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अर्ज पुढे सरकत नाही. माद्यांची पिल्लांसाठीची वसाहत सापडली तर नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंरक्षण संस्थेचा परवाना, छपरात त्यांच्यासाठी राखीव कप्पा आणि कामाच्या महिन्यांवर बंधन. व्यवहाराआधी तपासणीचा अहवाल मागणं सगळ्यात स्वस्त पडतं.

पैशांचं गणित कसं बसतं?

विकत घेताना इमारत घर नसते, त्यामुळे मुद्रांक शुल्क बिगर-निवासी दराने: दीड लाख पौंडांपर्यंत शून्य, पुढच्या एक लाखावर २ टक्के, त्यावर ५ टक्के. दुसऱ्या घरावरचा अधिभार इथे लागत नाही.

बांधकामाच्या व्हॅटबाबत जुनी माहिती अजून फिरते. वारसा इमारतीतल्या मंजूर बदलांना शून्य व्हॅट ही सवलत १ ऑक्टोबर २०१२ पासून गेली. आता बिगर-निवासी इमारतीचं घर करताना कंत्राटदार ५ टक्के लावू शकतो, आणि स्वतःसाठी घर करणाऱ्याला झालेल्या व्हॅटचा परतावा मागता येतो. मुदत काम पूर्ण झाल्यापासून सहा महिने. हॉलच्या जागेवरच्या नव्या घरांना व्हॅट शून्य.

नेहमीच्या बँका स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नसलेल्या इमारतीवर गहाणकर्ज देत नाहीत. टप्प्याटप्प्याने पैसे देणारं सेल्फ-बिल्ड कर्ज लागतं. इकॉलॉजी बिल्डिंग सोसायटीसारख्या काही संस्था अशा इमारतींचा विचार करतात. रिकाम्या चर्चचा विमा महाग असतो, कारण छपरावरचं शिसं चोरीला जातं. चोरी झाली की पहिल्या पावसात आतलं लाकूड भिजतं, आणि तो खर्च शिशाच्या किमतीच्या कैक पट.

गावकरी विरोध करू शकतात का?

करतात. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने गावाला इमारत 'समाजाच्या मोलाची मालमत्ता' म्हणून नोंदवता येते. मग विक्रीच्या वेळी गावाने बोली लावायची इच्छा दाखवली तर सहा महिने थांबावं लागतं. बऱ्याच महापालिका पुरावाही मागतात की सामाजिक वापरासाठी इमारत रीतसर बाजारात ठेवली होती आणि कुणी आलं नाही.

इथे हिंदूंनी चर्च घेऊन मंदिरं केली आहेत. मग घराचाच इतका बाऊ का?

कारण मंदिराला मजले नको असतात. १९७० मध्ये लंडनच्या इझलिंग्टन भागात एका बंद चर्चमध्ये स्वामिनारायण मंदिर सुरू झालं. ब्रिक लेनवरच्या एका इमारतीत तर १७४३ पासून ह्युगनोंचं (फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंटांचं) चर्च, मग मेथडिस्ट चॅपेल, १८९८ पासून सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि १९७६ पासून मशीद, असं सगळं झालं. एकत्र जमायची मोठी जागा प्रत्येकाला तशीच्या तशी वापरता आली. घराला मात्र शयनकक्ष, नळ, अग्निसुरक्षित जिना आणि एकांत हवा. इमारतीवरचा आघात तिथून सुरू होतो.

घरात देवघर करता येईल? गणपती बसवता येईल?

देवघर ही तुमची खाजगी बाब. जुनी चर्च पूर्व-पश्चिम बांधलेली असतात, वेदी पूर्वेला, त्यामुळे वास्तुशास्त्र पाहणाऱ्यांनाही दिशेची तक्रार नसावी. सार्वजनिक गणपतीची मात्र गोष्ट वेगळी. चर्चने विकताना घातलेल्या करारात वापर 'राहतं घर' एवढाच लिहिलेला असतो. दीडशे माणसांची आरती त्यात बसत नाही. तो करार पुढच्या मालकांनाही लागू राहतो, म्हणून नीट वाचा.

इतर देशांत काय चित्र आहे?

अमेरिकेत बॉस्टनच्या कॅथलिक धर्मप्रांताने २००४ मध्ये एकदम डझनावारी चर्च बंद करायला घेतली. सिच्युएट गावच्या सेंट फ्रान्सेस झेवियर कॅब्रिनी चर्चमधल्या मंडळींनी दार सोडलं नाही. २०१६ पर्यंत, अकरा वर्षांहून अधिक काळ, पाळीपाळीने दिवसरात्र आत ठाण मांडून बसले. बॉस्टन शहरातल्या शॉमट अव्हेन्यूवरचं जर्मन कॅथलिकांचं होली ट्रिनिटी, वास्तुरचनाकार पॅट्रिक कीली यांनी बांधलेलं, २००८ मध्ये बंद झालं. आता दगडी भिंतींच्या आतून काचेचे मजले वर निघालेत आणि आलिशान फ्लॅट झालेत. वास्तुरचनेच्या मासिकांना ते आवडलं. ज्यांच्या आजोबांनी पैसा-पैसा जमवून ते चर्च उभारलं त्यांना तिथे राहणं परवडणार नाही, हे मासिकांत येत नाही.

महाराष्ट्रात असं होऊ शकेल?

मुंबई-वसईकडे रविवारी चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते, त्यामुळे प्रश्न अजून त्या रूपात आलेला नाही. मालमत्ता सार्वजनिक न्यासाची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही. इमारत मुंबईच्या वारसा यादीत असेल तर वारसा समितीही मध्ये येते.

मनोरा कुणाच्या मालकीचा? घंटा आणि घड्याळ?

चार घरं असतील तर मनोरा, छप्पर, पन्हळी, वीजरोधक हे सगळं रहिवाशांच्या एका व्यवस्थापन कंपनीकडे ठेवा आणि दरवर्षी निधी बाजूला काढा. मनोऱ्याचा एक दगड सैल झाला तर उंचावर चढणारा कारागीर आणि परांची यांचं बिल एकट्या कुटुंबाला झेपत नाही. तयार घर घेताना पहिल्यांदा या कंपनीच्या गेल्या काही वर्षांच्या जमाखर्चाचे कागद मागा. निधी शून्य असेल आणि मनोऱ्यावर पिंपळाच्या धर्तीवर बडलियाची झुडपं उगवलेली दिसत असेल, तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागायला हरकत नाही.

घड्याळ गावाचं असेल तर ते चालू ठेवायची अट करारात असू शकते. बिघडलं तर सगळं गाव तुमच्या दारावर येईल.